घंटेनंतरची आवराआवर

११ जानेवारी, रविवार

शेंडेफळास,

आशीर्वाद लिहायचे नाहीत असं ठरवून बसले होते, पण पेन हातात आलं की हात आपल्या वळणावर जातो. तेव्हा अनेक आशीर्वाद. हवे तर घे, नको तर राहू देत.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन वाजून वाजून गप्प बसतो. पत्र दारात पडून राहतं आणि येता-जाता पायात येतं. तुला पसारा बघवत नाही हे मला ठाऊक आहे. आज ना उद्या उचलशीलच.

मी माफी मागायला लिहीत नाही. आईच्या स्वयंपाकघरात मी तुला जे बोलले, त्यातला फक्त आवाज मागे घेते. शब्द आहेत तिथेच आहेत. आई म्हणते, दोघींच्याही जिभेला हाड नाही. तिचा गुडघा आता बरा आहे असं तुला कळवायला सांगितलंय. तो बरा नाही, पण ते कळवू नकोस असंही तिनंच सांगितलंय.

आता मुद्द्याचं. टाकीवाल्या मावशींच्या वतीनं कामगार कार्यालयात तक्रार मी दिली आहे, कारण उजव्या हातानं त्यांना अजून सहीसुद्धा करता येत नाही. तिथे मला तुझ्या सहीचा कागद दाखवला. मालकांच्या वकिलानं जोडलाय. "सहाची घंटा झाली. सर्व महिलांनी कार्ड पंच केले. काम संपले होते. त्यानंतर सदर महिला स्वतःच्या मर्जीने थांबल्या असताना त्यांच्या हातावर मेण उडाले." सदर महिला! पहिल्या दिवशी तुला वात कशी ओवायची ते ज्यांनी शिकवलं, ज्यांच्या डब्यातलं तू हक्कानं काढून खायचीस, त्या सदर महिला झाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अधिकारी बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला, इतकं माझं तोंड लाल झालं असावं.

तुला सगळं माहीत आहे. तरी मी पुन्हा लिहिते, कारण तुझ्या कागदावर ते वेगळंच उतरलंय. सहाची घंटा होते. आपण रांगेनं कार्ड मशीनमध्ये घालतो, मशीन खट् करतं, आणि मग सगळ्या पुन्हा आपापल्या जागेवर जातो. कारण मेणाला घंटा ऐकू येत नाही. टाकीत उरलेलं मेण गरम असतानाच तोटीतून खाली काढावं लागतं. साचे ऊन फडक्यानं पुसावे लागतात. लाल रंगाची भांडी धुवावी लागतात, नाहीतर उद्याच्या पांढऱ्या मेणबत्त्या गुलाबी निघतात. फरशीवर सांडलेलं खरवडावं लागतं. याला आपल्या कारखान्यात आवराआवर म्हणतात. आधी कार्ड, मग आवराआवर. मी कामाला लागले तेव्हापासून हेच चालत आलंय आणि कोणीच कधी हूं का चूं केलं नाही. पसारा टाकून निघायचं म्हटलं तर आपला पायच उचलत नाही.

त्या संध्याकाळी मोठ्या टाकीची तोटी अडकली. मावशींनी ती जोर लावून फिरवली आणि गरम मेण बोटांपासून मनगटापर्यंत आलं. मी मागच्या बाजूला भांडी घासत होते, पाण्याच्या आवाजात मला काही कळलं नाही. आले तेव्हा टाकीपाशी नुसतं सांडलेलं मेण होतं आणि तू त्यांना घेऊन दवाखान्यात गेली होतीस. आता त्यांची दोन बोटं वळत नाहीत. आणि कार्ड म्हणतं की त्या वेळी त्या कामावर नव्हत्याच. म्हणून दवाखान्याचा खर्च नाही, घरी बसलेल्या दिवसांचा पगार नाही, भरपाई नाही. कागदावर दुसऱ्या दिवशीची तारीख आहे आणि त्याच आठवड्यात तुझी बदली झाली, मालकांच्याच नव्या कारखान्यात, वरच्या जागेवर. यावर मी काही बोलत नाही. बोलायचं ते स्वयंपाकघरात बोलून झालंय.

मला तुझ्याकडून काही नको. असं लिहिलं खरं, पण मग पत्राचा हा उद्योग कशासाठी? एकच हवंय. सुनावणीला ये आणि घंटेनंतर सुपरवायझर म्हणून तू आम्हाला रोज काय सांगायचीस ते सांग.

ताई


२ फेब्रुवारी, जेवणाच्या सुट्टीत

शेंडेफळास,

तू आली नाहीस. वकील म्हणाला, साक्षीदार नव्या कारखान्यात फार व्यग्र आहेत, पुढच्या तारखेला हजर राहतील. तुझ्याबद्दल "साक्षीदार" ऐकायला विचित्र वाटलं. तुझी शेंबूड पुसण्यापासूनची सेवा मी केली आहे.

आज मी जिन्यात बसून लिहितेय, डबा मांडीवर तसाच आहे. माझ्या हातून एक घोळ झालाय आणि तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही. तुझे भाऊजी ऐकून हसले. तू निदान समोर बसून हसणार नाहीस.

वकील वयानं लहान आहे आणि फार अदबीनं बोलतो. मला ताई म्हणतो. त्यानं माझा अर्ज हातात घेतला आणि पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचलं, "रोज काम संपल्यावर आम्ही सर्वजणी आवराआवर करतो." मग थांबला आणि पुन्हा वाचलं, फक्त तीन शब्द. "रोज काम संपल्यावर."

"ताई, अक्षर तुमचंच ना?"

माझंच होतं. आधी कच्चं लिहून मग समास सोडून पक्कं केलेलं.

"मग यात वाद कुठे राहिला? अर्जदार स्वतः म्हणतात, काम संपलं होतं. संपल्यावर कोणी थांबून फडकं मारलं, तर तो त्यांचा चांगुलपणा."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "तुम्हीच असं लिहिलंत तर मी काय धरायचं?" असं त्या म्हणाल्या, आणि त्या वाईट बोलल्या नाहीत, खरंच विचारत होत्या. मला एक शब्द सुचला नाही. मी, जी बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरला गप्प करते!

आपण घरी असंच बोलतो गं. जेवणं झाली, काम संपलं, आता जरा आवरते. ते "जरा" ओट्यापासून सुरू होतं आणि डोळे मिटेपर्यंत चालतं, पण आई त्याला कधी काम म्हणाली नाही, मी म्हणाले नाही. तोच शब्द कारखान्यात घेऊन गेलो आणि तोच अर्जात लिहिला. मालकांनी तो आपल्याला शिकवलेला नाही. आपण त्यांना आयता दिला.

मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. मी रडवेली होऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय करत होतात? मी म्हटलं, काही नाही, आवरत होते." आणि हसायला लागल्या. मग मीही हसले. हसता हसता त्यांनी सवयीनं उजव्या हातानं डोळे पुसायला घेतले आणि मध्येच थांबल्या, कारण ती बोटं आता नीट वळत नाहीत.

अर्ज मी मागे घेणार नाही. माझा शब्द चुकला, मावशींचा हात खराच भाजलाय. पुढची तारीख मार्चमध्ये आहे.

घंटा झाली. ही जेवणाची, ती आपण सगळ्या बरोबर ऐकतो.

ताई


१५ फेब्रुवारी, रविवार

शेंडेफळास,

हे पत्र वाचताना खुर्चीत बसलेली असलीस तर बरं.

त्या वकिलाचं बोलणं माझ्या डोक्यात घोळत होतं. आवराआवर म्हणजे काम नाही, चांगुलपणा आहे. चला, मान्य. जे काम नाही ते केलं नाही तर कोणाचं काय बिघडणार? मी हे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांपुढे बोलले. मग गाणारी म्हणाली, "बरं झालं. वकील म्हणे आम्ही घंटेनंतर गाणी म्हणत बसतो. उद्यापासून मी घरी जाऊन गाते." तुला ती आठवत असेलच, फरशी खरवडताना जिचा सूर लागायचा ती.

सगळ्या हसल्या नाहीत. वाती ओवणाऱ्या दोघी नव्या आहेत, एकीच्या नवऱ्याला काम नाही. ती म्हणाली, "काढून टाकलं तर?"

मी म्हटलं, "काढायला कारण लिहावं लागतं. काय लिहितात ते बघूच."

बोलायला सोपं होतं. संध्याकाळी घंटा झाली, कार्डं खट् खट् पडली आणि आम्ही पिशव्या उचलल्या. टाकीचा हीटर मी स्वतः बंद केला आणि पुन्हा जाऊन बघितला, आम्ही काही आग लावायला निघालो नव्हतो. बाकी सगळं होतं तसं. साच्यांत मेण, फरशीवर मेण, लाल रंगाचं भांडं उघडं. तुला सांगते, फाटकापर्यंतची ती वाट मला जड गेली. दोनदा मागे वळून पाहिलं. कोणी मेल्यासारख्या चेहऱ्यानं आम्ही बाहेर पडलो आणि रस्त्यावर आल्यावर उगाच खुदुखुदु हसत सुटलो, कारण अजून उजेड होता आणि कोणालाच कळेना की आता करायचं काय.

घरी तुझे भाऊजी म्हणाले, "आवराआवर बंद, असं ऐकलं. घरीही का?"

"घरी घंटा कुठे वाजते?" मी म्हटलं.

त्यांनी वाटीवर चमचा आपटला, घंटेसारखा, आणि उठून भांडी घासायला घेतली. दोन पातेल्यांना साबण तसाच राहिला होता. मी ती पुन्हा धुतली नाहीत. हे मला कारखान्यातून निघण्याइतकंच अवघड गेलं.

दुसऱ्या दिवशी टाकीत मेणाचा दगड झालेला. तुझ्या जागी जो नवा सुपरवायझर आलाय तो सकाळी लवकर येऊन स्क्रू ड्रायव्हरनं साचे कोरत बसला होता, बिचाऱ्याचे हात लाल. दुपारपर्यंत एक मेणबत्ती निघाली नाही. निघाल्या त्या गुलाबी.

मालक आले. आल्या आल्या ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी हात जोडले. "तुम्ही मला मालक म्हणत नाही, काका म्हणता. हे आपलं घर आहे. घरात कोणी आवराआवरीचा हिशेब मागतं का?"

गाणारी म्हणाली, "काका, घरात कार्डही नसतं."

ते कानामागे खाजवत निघून गेले. काल सहावा दिवस झाला, आणि एकीनंही फडक्याला हात लावलेला नाही.

ताई


१ मार्च, रविवार

शेंडेफळास,

आईला गुडघ्याचा पट्टा आला पोस्टानं. आत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आई म्हणते दुकानदाराची चूक असेल, आणि दिवसभर तो लावून मिरवते. पट्टा तिच्या मापाचा आहे. म्हणजे पत्रं पायात येतायत तर.

इकडचं सांगते. मालकांनी नव्या दोघींना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. कारण विचारलं तर "मला नको आहात," एवढंच. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या त्या दोघींबरोबर फाटकाबाहेर पायऱ्यांवर बसलो. घोषणा नाहीत, काही नाही. गाणारीनंही तोंड उघडलं नाही, यावरून काय ते समज. हॉटेलांची मोठी ऑर्डर अंगावर आहे, माल भरायला ट्रक दारात येऊन उभा होता आणि आत पॅकिंगला माणूस नव्हतं. मालकांनी ऊन चढेपर्यंत धीर धरला, मग त्या दोघींना आत बोलावलं. त्यांच्या मागोमाग आम्हीही गेलो.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्या भाऊजींनाही सांगितलेली नाही. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "तुझ्या बहिणीची जागा तशी रिकामीच आहे. हा मुलगा टिकणार नाही. तू समजूतदार आहेस, बायका तुझं ऐकतात. त्या म्हाताऱ्या बाईंना मी माझ्या खिशातून काहीतरी देईन. कार्यालयाचं तेवढं मिटवून टाक." मग त्यांचा फोन वाजला आणि ते बोलायला बाहेर गेले.

मी त्या खुर्चीत बसले. कोणी सांगितलं नव्हतं, माझी मीच बसले. पाठ टेकता येते तिथे. काचेतून सगळा कारखाना दिसतो, पण मेणाचा वास येत नाही आणि पायांना फरशीचा गारवा लागत नाही. मला ती खुर्ची आवडली. मी मनातल्या मनात आमच्या धाकट्याला चांगल्या शाळेत घालायचं बोलणंही सुरू केलं होतं. तेवढ्यात काचेतून मोठी टाकी दिसली. मावशींच्या जागी नव्या दोघींपैकी एक उभी होती, आणि अडकणारी तोटी फिरवताना हात किती लांब धरावा हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी उठून बाहेर गेले, तिला आधी ते दाखवलं, मग मालकांना म्हटलं, "आधी मावशींचं होऊ द्या, मग खुर्चीचं बघू." ते म्हणाले, "मग खुर्ची नसेल." मी म्हटलं, "उभी राहायची सवय आहे."

हे शौर्य म्हणून सांगत नाही. मला एवढंच विचारायचंय, तुला सही करायला सांगितली तेव्हा तू याच खुर्चीत बसली होतीस का? उत्तर नको. मी ओरडून विचारत नाहीये, एवढं मात्र लक्षात घे.

तारीख १९ला आहे. वकिलानं तुला बोलावणं पाठवलंय हे मला कळलंय.

ताई


१९ मार्च, संध्याकाळ

शेंडेफळास,

तू आजही आली नाहीस. दाराकडे बघून बघून माझी मान दुखली.

वकिलानं तुझा कागद पुढे केला. अधिकारी बाई म्हणाल्या, "साक्षीदार समोर येईपर्यंत हा कागद बाजूला राहील. मला त्यांना प्रश्न विचारायचे आहेत." वकिलाचा चेहरा पडला. मला राग आला की बरं वाटलं, ते अजून ठरत नाही. खोटं बोलायची लाज वाटली म्हणून आली नाहीस, की खरं बोलायची भीती वाटली म्हणून? यावर तुझ्या भाऊजींचं आणि माझं घरी येताना जुंपलं. ते तुझ्या बाजूनं होते. ते नेहमीच असतात, तुला उगाच लाडावून ठेवलंय त्यांनी.

पण खरी मजा पुढे झाली. वकील आपलं नेहमीचं बोलत होता, चांगुलपणा, स्वखुशी, घरच्यासारखं वातावरण. माझं वाक्य त्यानं तिसऱ्यांदा वाचलं. आणि मालक मध्येच उठून उभे राहिले.

"बाई, माझंही जरा ऐका. यांनी मला बुडवायचं ठरवलंय. महिना उलटला, रोज काम अर्धवट टाकून निघून जातात!"

बाईंचं पेन थांबलं. "कुठलं काम?"

"अहो, टाकी कोण रिकामी करणार? साचे कोण पुसणार? एवढं मोठं काम, आणि या खुशाल पिशव्या उचलून..."

वकील खोकला. मालकांना कळलं नाही. त्यानं त्यांची बाही ओढली.

"थांबा हो, मला बोलू द्या!" मालक त्याच्यावरच खेकसले. "बाई, ते काम झालं नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा कारखाना सुरू होत नाही!"

बाईंनी सावकाश लिहिलं. मग वाचून दाखवलं, "'ते काम झालं नाही तर माझा कारखाना सुरू होत नाही.' तुमचं म्हणणं बरोबर उतरलंय ना?"

"अगदी बरोबर!" मालक ठासून म्हणाले.

वकिलानं डोळे मिटून घेतले. मागच्या बाकावर गाणारीला हसू आवरेना, तिनं तोंडात रुमाल कोंबला. मी मात्र हसले नाही. इतकी वर्षं तो शब्द आमच्यापैकी एकीच्याही तोंडून निघाला नव्हता, आणि शेवटी निघाला तो काकांच्याच तोंडून.

मावशींनी हळूच विचारलं, "काय झालं गं? चांगलं की वाईट?"

"चांगलं," मी म्हटलं. "काकांनी तुम्हाला कामावर घेतलं."

निकाल लेखी मिळेल. धीर धरवत नाही, पण धरते.

ताई


२९ मार्च, रविवार

शेंडेफळास,

निकाल हातात आला. मावशी त्या संध्याकाळी कामावरच होत्या असं बाईंनी लिहिलंय, कार्ड पडलेलं असलं तरी. दवाखान्याचा खर्च, बसलेल्या दिवसांचा पगार आणि हाताची भरपाई कारखान्यानं द्यायची. इथून पुढे आधी आवराआवर, मग कार्ड. मी तो मावशींच्या खोलीत मोठ्यानं वाचला, सगळ्याजणी पलंगावर, जमिनीवर जागा मिळेल तिथे बसल्या होत्या. "कामावरच होत्या" हे मावशींनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग डोळे मिटून बसल्या. पैशांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "मला वाटायला लागलं होतं, मी उगाच तिथे तडमडले."

पण हे इथे संपत नाही. मालक वरच्या कार्यालयात जाणार आहेत. तिथे नवा वकील असेल, आणि तुझा कागद पुन्हा बाहेर निघेल. बाईंनी आम्हाला सांगितलंय की घंटेनंतर कोणकोण थांबायचं आणि काय करायचं, ते जिच्या तिच्या सहीनं लिहून द्या, म्हणजे वर टिकेल. म्हणून काल पुन्हा सगळ्या मावशींकडे जमलो. मी कागद आखला. नाव, घंटेनंतरचं काम, सही. या वेळी शब्द जपून लिहिला. एकेक जण सांगत होती. साचे पुसणं. रंगाची भांडी धुणं. फरशी खरवडणं. गाणारी म्हणाली, "गाणंही लिही, त्यावर बाकीच्यांचे हात चालायचे." ते लिहिलं नाही, पण लिहायला हवं होतं असं आता वाटतं.

सगळ्यांचं झालं. मी पेनाला टोपण लावलं. मावशी म्हणाल्या, "आणि तुझ्या बहिणीचं?"

कोणीतरी म्हणालं, "तिचं कशाला? ती त्यांच्याकडची." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

मावशी म्हणाल्या, "तू त्या दिवशी मागच्या बाजूला होतीस, तुला दिसलं नाही. मी ओरडले तशी ती धावत आली आणि माझा हात नळाखाली धरला. दोन्ही हातांनी. माझ्या हातावरचं मेण तिच्याही बोटांना लागलं. मी हात ओढत होते, शिव्या देत होते तिला, नको नको त्या. तिनं सोडला नाही. रडत होती आणि म्हणत होती, थोडं, अजून थोडं. डॉक्टर म्हणाले, तेवढा वेळ पाणी लागलं म्हणून पंजा वाचला. तिचंही कार्ड पडलेलं होतं. माझ्या आधी पडलेलं."

मला हे माहीत नव्हतं. तू कोणाला सांगितलं नाहीस. आईच्या स्वयंपाकघरात मी तुला इतकं बोलत होते, तेव्हा तू दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होतीस, आणि मला वाटलं हा तुझा तोरा.

"मी तिच्यावर रागावलेली आहे," मावशी म्हणाल्या. "कागदावर सही केली म्हणून. तो राग माझा मी बघेन. पण ते काम होतं की नाही, सांग. लिही."

मी टोपण काढलं आणि शेवटच्या ओळीत तुझं नाव लिहिलं. त्यापुढे, घंटेनंतरचं काम या रकान्यात, "भाजलेला हात पाण्याखाली धरून ठेवणे" असं लिहिलं. त्यापुढचा सहीचा रकाना रिकामा आहे.

तिथे सही केलीस तर तुझा आधीचा कागद खोटा ठरेल. खुर्ची जाईल, कदाचित नोकरीही जाईल. हे मी तुझ्यापासून लपवत नाही, आणि केलीच पाहिजेस असंही म्हणत नाही. कागद शुक्रवारी सकाळी द्यायचा आहे. मी कार्यालयाच्या दारात असेन, मावशी असतील, सगळ्या असतील. काहीजणी तुझ्याशी बोलणार नाहीत, तयारीनं ये. मी बोलेन. आधी तुझे हात बघेन, मग बोलेन.

नाही आलीस तर सहीचा रकाना रिकामा ठेवूनच मी कागद देईन. तुझं नाव मात्र त्या ओळीत राहील.

ताई